तटाखालचे दोन तंबू

शेवटची मेख ड्रायव्हर आजोबांनी गरजेपेक्षा जोरात ठोकली. चौघांचा तंबू त्यांनी मुद्दाम आणला होता. दोन्ही नातवंडं आपल्या डाव्या-उजव्या हाताला झोपतील, पडक्या किल्ल्याच्या तटाखाली दोन दिवस मजेत जातील आणि घरी परतेपर्यंत पोरंच म्हणतील, आम्ही याच आजोबांकडे राहतो, असा त्यांचा हिशेब. चौथी जागा व्याह्यांची. तीही दाराशी, वाऱ्याच्या तोंडी.

मास्तर आजोबांनी ती जागा शांतपणे पाहिली आणि आपल्या पिशवीतून दुसरा तंबू काढला.

"आपल्याला अडचण नको, म्हणून आणला."

"अहो, अडचण कसली व्याहीबुवा," असं म्हणून ड्रायव्हर आजोबा हातोडी द्यायला सोयीस्कर विसरले. मास्तरांनी मेखा दगडाने ठोकल्या.

पोरांच्या आईबाबांना वर्षभरासाठी लांब कामावर जायचं होतं. तिथे शाळा नव्हती. ड्रायव्हर आजोबा आईचे वडील, जन्मभर बस चालवलेले. मास्तर आजोबा बाबांचे वडील, जन्मभर इतिहास शिकवलेले. दोघांच्या गावांमध्ये दिवसभराचा प्रवास, आणि दोघांच्याही घरी सकाळी एकच कप विसळला जाई. "पोरं म्हणतील तसं," असं दोघंही मोठ्या मनाने बोलून बसले होते. मोठं मन दाखवायला काही पैसे पडत नाहीत. सांभाळायला महाग जातं.

व्याह्यांशी भांडायची सोय नसते. इकडे शब्द वाढला की तिकडे लेकीच्या नाहीतर सुनेच्या ताटात पडतो. म्हणून दोघांचा राग पोरांच्या तोंडून ये-जा करू लागला.

"टिल्लू, तुझ्या मास्तर आजोबांना विचार, अंडी उकडतायत की त्यांचे दगड करतायत? तट डागडुजीला आलाय म्हणावं."

मास्तर आजोबा चार हातांवर बसले होते.

"ताई, त्यांना सांग, घाई बसमध्ये चालते. स्टोव्हवर नाही."

आठ वर्षांच्या टिल्लूला आधी हा खेळ वाटला. तो या तंबूतून त्या तंबूकडे धावत निरोप पोचवायचा. दुपारपर्यंत मात्र ताईने निरोप वाटेतच निवडायला सुरुवात केली, काटे काढून मासा वाढावा तसे. "ते विचारतायत, अंडी झाली का," एवढंच ती सांगायची. ती बारा वर्षांची होती.

जेवण झाल्यावर मास्तर आजोबांनी पोरांना बुरुजावर नेलं. ड्रायव्हर आजोबा मागून चढले. गुडघे दुखत होते, पण मैदान सोडायचं नव्हतं.

"हा किल्ला तोफांनी पडला नाही," मास्तर सांगत होते. "आत दोन सरदार होते. एकाच्या हाती दरवाजा, दुसऱ्याच्या हाती पाण्याचं टाकं. दोघांचं पटेना. शत्रू बाहेर नुसता बसून राहिला."

"कोणाचं चुकलं म्हणे?" ड्रायव्हर आजोबांनी टिल्लूला विचारलं. "टाकंवाल्याचंच असणार. पुस्तकी माणूस असेल."

"आणि आतल्या लोकांचं काय झालं?" ताईने विचारलं.

"त्याची नोंद नाही," मास्तर म्हणाले.

"मग नोंद कशाची आहे?"

मास्तरांनी चष्मा पुसला. ड्रायव्हर आजोबांना बरं वाटलं. पोरगी आपल्यावर गेली आहे, हे त्यांनी मनात जमेला धरलं.

उतरताना टिल्लू घसरला. गुडघा खरचटला, फार नाही. पण खाली येताच दोन्ही तंबूंतून औषधांच्या दोन पेट्या बाहेर निघाल्या. एका आजोबांनी पोटरी धरली, दुसऱ्यांनी टाच.

"आधी धुवायला हवं," मास्तर म्हणाले.

"धुतोच आहे. सोडा तुम्ही."

"तुम्ही सोडा. लांबून निरोप धाडून पोराला पळवून पळवून थकवलंत, म्हणून पडला तो."

"मी थकवलं? आणि बुरुजावर कोणी चढवला? तुमच्या वर्गातली पोरं झोपायची, ही पडतात, एवढाच फरक."

"जन्मभर हॉर्न वाजवला की असंच बोलणं येतं."

तंबू ठोकल्यापासून ते पहिल्यांदाच एकमेकांशी थेट बोलत होते. दोघांचे कान लाल झाले होते. पाय मधल्यामध्ये ताणला जात होता.

"गुडघा एकच आहे," टिल्लू म्हणाला, आणि रडू लागला. पडल्यावर रडला नव्हता.

ताईने दोघांचे हात बाजूला केले आणि बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली. संध्याकाळी भावंडं तटाला टेकून बराच वेळ पत्ते खेळत बसली. निरोप कोणी धाडले नाहीत. झोपायच्या वेळी ताई मुकाट्याने मास्तरांच्या तंबूत गेली, टिल्लू ड्रायव्हर आजोबांच्या. चौघांच्या तंबूत एवढंसं पोर कोपऱ्यात अंग चोरून झोपलं.

सकाळी सामान बांधताना ताई दोन्ही तंबूंच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आमचं ठरलंय. मी मास्तर आजोबांकडे राहणार. टिल्लू तुमच्याकडे. म्हणजे कोणी रागवायला नको."

"तुम्ही दोघं वेगवेगळी?" ड्रायव्हर आजोबांनी विचारलं.

"वर्षच आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिने आईचं उचललं होतं.

दोघांना तुम्हीच न्या, एवढंच ड्रायव्हर आजोबांना म्हणायचं होतं. वाक्य दातांपर्यंत आलं. समोर मास्तर आजोबा तंबूची घडी अर्धवट धरून थांबले होते. त्यांचेही ओठ हलल्यासारखे वाटले. हा बोलतो का बघू, असं ड्रायव्हर आजोबांच्या मनात आलं. तिकडेही तेच आलं असावं, कारण मास्तर पाहत राहिले. मग त्यांनी घडी पुरी केली. ड्रायव्हर आजोबांनी वाकून मेख उपटली. ती खोल गेली होती.

तटाजवळ टिल्लू पत्त्यांचा कॅट वाटत होता. लाल पत्ते त्याने स्वतःच्या दप्तरात घातले, काळे ताईला दिले.

"निम्मे-निम्मे," तो म्हणाला. "पण आता खेळता येणार नाही."

"चालेल," ताई म्हणाली, आणि आपल्या पत्त्यांना रबर लावलं.