कडीसिस्टर

घंटी वाजली तेव्हा कडीसिस्टर बालगृहाच्या दाराशीच होत्या. कडी नीट लागली आहे ना, हे त्या दिवसभर इतक्यांदा बघत की मुलींनी त्यांचं खरं नाव कधीच मोडीत काढलं होतं. त्यांनी दाराच्या भोकाला डोळा लावला.

बाहेर एक बाई छातीशी खोका धरून उभी होती. तिच्यामागे, रस्त्यापलीकडे, पांढरी गाडी होती आणि गाडीला टेकून बुटांच्या कारखान्याचा मालक उभा होता. सिस्टरांनी त्याला एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं होतं. तो हसला होता, तेवढ्याने त्यांची दोन रात्री झोप उडाली होती.

"मी तिची आई," बाई दाराला तोंड लावून म्हणाली. "पोरीला भेटू द्या हो."

कुठल्या पोरीला, हे विचारायची गरज नव्हती. या घरातली सगळ्यात मोठी मुलगी लहानपणापासून त्या कारखान्यात बुटांचे तळ चिकटवत बसायची. तिथे मुलांना कसं कोंडून ठेवतात, ते ती उद्या न्यायाधीशांना सांगणार होती. बाकीचे साक्षीदार एकेक करून गप्प झाले होते. आता सगळी भिस्त हिच्यावर होती, आणि घराच्या प्रमुख, मोठ्या सिस्टर, नेमक्या वकिलांकडे गेल्या होत्या.

"उघडू नका," स्वयंपाकीणबाई हातात उलथणं घेऊन बाहेर आल्या. "त्यानेच पाठवलीय तिला. पोरगी उद्या कोर्टात नसली की झालं त्याचं काम."

"मग काय सांगू?"

"सांगा, भेट नाही म्हणून. आणि पोरीला कळवूच नका. कोण बघतंय?"

कडीसिस्टरांना हे अगदी मनापासून पटलं. पण त्यांच्या धर्मसंघाच्या सिस्टर जगात जिथे जिथे मुलांची घरं चालवत, तिथे तिथे एकच रीत होती. मुलाच्या बाबतीतली गोष्ट आधी मुलाला सांगायची, खरी सांगायची आणि त्याचं उत्तर मानायचं. मोठ्या सिस्टर देशोदेशीच्या सभांमध्ये हे सांगून टाळ्या घेऊन येत. टाळ्या त्यांच्या वाट्याला आणि दार कडीसिस्टरांच्या गळ्यात, असा सगळा मामला होता.

मुलगी मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती.

"तुझी आई आलीय," सिस्टर म्हणाल्या. मग पुढचंही सांगितलं. "तोही आलाय. रस्त्यापलीकडे उभा आहे."

मुलीचे हात थांबले. "आत येईल?"

"तो नाही. आईला मात्र तू म्हणशील तरच घेईन."

"घ्या."

"नक्की ना? नको असेल तर मी हाकलते तिला. मला काही वाटायचं नाही."

"आई आहे माझी, सिस्टर."

भेटीच्या खोलीच्या दाराला काच होती. मोठ्यांनी बाहेर बसायचं, दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. कडीसिस्टर खुर्चीच्या टोकावर बसल्या. आत आई बोलत होती आणि मुलगी मान हलवत होती. नाही, नाही. आई पुन्हा बोलली. मुलगी रडायला लागली. मग आईने खोका उघडला, त्यातून नवे बूट काढले आणि गुडघ्यांवर बसून मुलीच्या पायांत चढवले. नाड्या बांधल्या, ओढून पाहिल्या.

सिस्टर खुर्चीवरून उठल्या. बूट घातले म्हणजे पोरगी निघाली. ती जाते म्हणाली तर कुठल्या तोंडाने अडवायचं? आणि नाही अडवलं तर उद्या काय, परवा काय, त्या कारखान्यात तिचं काय होईल? त्यांनी प्रार्थना म्हणायला घेतली आणि पहिल्या ओळीलाच अडकल्या.

दार उघडून दोघी बाहेर आल्या. "सिस्टर, कडी काढा," मुलगी म्हणाली.

कडीसिस्टर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "जाऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. रीत, नियम, सगळं विसरून म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या."

"ती नाही, मी निघालेय," आई म्हणाली. "नको नको म्हणत होती, पण तिला उद्या सगळं बोलायला सांगितलंय."

"आणि हे बूट?"

"त्यानेच दिलेत, लालूच म्हणून. घालू दे. त्याचेच बूट घालून उभी राहू दे त्याच्यासमोर."

सिस्टरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी बाईचा हात धरला. "तुम्हीही राहा मग. बाहेर जाऊ नका."

"धाकटी गाडीत बसलीय, सिस्टर. तिला सोबत आणू दिलं नाही त्याने." बाईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "ही उद्या बोलली की तुमची माणसं येतील ना धाकटीला न्यायला?"

"येतील. मोठ्या सिस्टर पोलीस घेऊनच येतील. पण आज त्याला काय सांगाल तुम्ही?"

"सांगेन, दारावरच्या सिस्टरनी पोरीची सावलीसुद्धा दिसू दिली नाही. खोका तेवढा ठेवून घेतला." ती जराशी घुटमळली. "तो चिडेल. तुमच्यावर डूख धरेल. तुमचं नाव घेतलं तर चालेल?"

स्वयंपाकीणबाई मागून काहीतरी बोलणार होत्या, पण कडीसिस्टरांनी हात वर केला.

"माझंच घ्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं नको."

आईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती निघाली. मुलीला आत पाठवून सिस्टर बाईच्या मागोमाग पायरीवर आल्या. रस्त्यापलीकडे ती मान खाली घालून बोलत होती. मध्येच तिने दाराकडे बोट केलं. मालकाने दाणकन गाडीच्या टपावर हात आपटला. मागच्या काचेतून एक लहानसा चेहरा दिसला. आई गाडीत शिरताच तो चेहरा तिच्या कुशीत नाहीसा झाला.

गाडी वळून दारासमोर आली आणि थांबली. काच खाली गेली. या वेळी तो हसला नाही. सिस्टरांनी चौकट धरून ठेवली होती. त्याने त्यांचा चेहरा नीट पाहून घेतला, आणि तो पुरता पाहून होईपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.