शकुंतलाबाईला काय कळलं

रविवारची प्रार्थना आटोपली की पूर्वी लोक शालीकराम गुरुजींना गाठायचे. कुणाला एखाद्या वचनाचा अर्थ हवा असायचा, कुणाला पोरीच्या लग्नात काय वाचावं ते. आता तीच माणसं गुरुजींना "जय मसीह की" म्हणून पुढे सटकायची आणि दुर्गेशच्या मोटारसायकलभोवती घोळका करायची. गुरुजी चपला शोधायच्या निमित्ताने रेंगाळत आणि कान देऊन ऐकत. दुर्गेश सांगायचा ते बरोबर असायचं. चुकीचं असतं तर गुरुजी सुखाने घरी गेले असते आणि दोन घास जास्त जेवले असते.

त्यांचं दुखणं अगदीच खोटं नव्हतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या त्या तीस-पस्तीस घरांच्या ख्रिस्ती मंडळीत शुभवर्तमान झाडीबोलीत, म्हणजे तिथल्या घरच्या बोलीत, आणायचं वेड पहिल्यांदा त्यांनीच घेतलं. शाळेतली मास्तरकी सांभाळून नऊ वर्षं ते वह्या भरत बसले. बायको सुशिलाबाई म्हणायची, "वह्यायशीच लगन लावाचं होतं तं मले कायले आनलं?" आणि वह्या संपत आल्या तेव्हा दुर्गेश बंगळूरहून उगवला. तो गुरुजींचाच विद्यार्थी, बाराखडी त्यांच्याच हाताखाली गिरवलेला. धर्मशास्त्राच्या कॉलेजातून शुभवर्तमानाची मूळ भाषा, ग्रीक, शिकून आला होता. पास्टर इंद्रकुमारांना ग्रीकचं कोण कौतुक! गुरुजींनी नऊ वर्षं मराठी आणि हिंदीवरून भाषांतर केलं होतं, हे त्यांना दुर्गेश आल्यावरच आठवलं.

त्यातच मागच्या उन्हाळ्यात दोन परगावचे लोक पत्रकं वाटून गेले. येशू हा देव नव्हे, देवाने घडवलेला, सगळ्यांच्या आधीचा, पण देवाखालचा, असं त्यात लिहिलं होतं. मंडळीतली दोन घरं डळमळली. मग सगळ्यांची नजर शुभवर्तमानाच्या पहिल्या पानावर गेली, कारण येशू कोण, हे तिथेच सांगितलंय. गुरुजींनी त्याला सरळ 'देव' म्हटलं होतं. पत्रकवाले हसून म्हणाले, "बरोबर आहे, देवच. पण मोठा देव वेगळा." दुर्गेशने तीच ओळ अशी बांधली की ज्याने सगळं घडवलं आणि ज्याच्याशिवाय दुसरा देव नाही, तोच हा. गुरुजी सभेत गरजले, "शास्त्रात नाई ते शब्द घालाचा अधिकार कोनी देला तुले?" मुद्दा बिनतोड होता. पण गुरुजी त्या मुद्द्यासाठी गरजले नव्हते. ओळ ऐकताच त्यांना हेच डाचलं होतं, की नऊ वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही.

अशा वादाचा निकाल लावायची भाषांतराच्या कामात एक रीत आहे. ज्याने शास्त्र कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला ओळ वाचून दाखवायची आणि त्याला काय कळलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ज्याची ओळ, त्याने तिथे बसायचं नाही. म्हणजे गुरुजींची ओळ दुर्गेशने ऐकवायची आणि दुर्गेशची गुरुजींनी. दोन्ही नोंदी नागपूरच्या भाषांतर समितीकडे जायच्या आणि समिती ठरवील ती ओळ छापायची. ऐकायला निवडली शकुंतलाबाई. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर तिचं चार एकर धान होतं आणि देवघर भरलेलं होतं.

दुर्गेश आधी जाऊन गुरुजींची ओळ ऐकवून आला. दुसऱ्या दिवशी गुरुजी गेले. शकुंतलाबाई अंगणात सुपाने लाखोरीची डाळ पाखडत होती. गुरुजींनी दुर्गेशची ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा तर मुद्दाम रडतखडत वाचली, तोंडात खडा आल्यासारखी.

बाईने सूप खाली ठेवलं. "म्हंजे हा देवाच्या खालचा नाई. अन् आमच्या देवायवानी अनेकांतला एक बी नाई. तुमच्या मतानं देव एकच, अन् तो हाच. आमचं येगळं आहे, पन तुमचं म्हननं समजलं मले."

इतकं नेमकं तर पास्टरसुद्धा आजवर बोलले नव्हते. गुरुजींचं पेन थांबलं. मग त्यांनी झरझर लिहिलं: ऐकणारीचा गोंधळ झाला. दोन देव आहेत असं समजली. शब्द फार आहेत. खाली सही केली, तारीख घातली, आणि बाईच्या हातचा चहा पिऊन घरी आले.

महिन्याभराने समितीचं पत्र आलं. गुरुजींची ओळ मंजूर झाली होती. त्या ओळीबद्दल दुर्गेशने लिहिलेली नोंदही पत्रात उतरवली होती: ऐकणारीला अर्थ पूर्ण समजला. सभेत टाळ्या पडल्या. दुर्गेशने सगळ्यांत आधी वाजवल्या, तेही गुरुजींना खुपलं.

तरी चार दिवस ते उडत होते. बाईला सांगावं, तुमच्यामुळे झालं, म्हणून पेढे घेऊन गेले. तिने पेढा देवापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या येशूचा फोटू असन तं आनजा. तुमची ते ओळ दुर्गेशनं ऐकवली, तवाच मी त्याले सांगतलं होतं, का माह्या देवघरात पाच देव आहेत, हा सहावा. जागा करतो म्हटलं."

"दुर्गेशले असं सांगतलं तुमी?"

"नाई तं काय! लय येळ पेन धरून बसला होता बिचारा. मंग म्हने, मावशी, गुरजीले नोको सांगजा. लय वर्स मेहनत केली त्यायनं."

गुरुजी कालव्याच्या बांधावरून परत निघाले. त्यांनी खोटं लिहिलं होतं ते त्याला पाडायला, आणि त्याने खोटं लिहिलं होतं ते त्यांना सांभाळायला. खोटेपणातही पोरगं वरचढ निघालं. एवढी लाज वाटत असतानाही त्यांना पहिल्यांदा त्याचाच राग आला. मग आठवलं, छपाई सोमवारी आहे. आपली ओळ छापली की पत्रकवाल्यांना आयतंच सापडणार, डळमळलेली दोन घरं जाणार, आणि नऊ वर्षं ज्या येशूसाठी घालवली तो सहावा होऊन बसणार.

पास्टरांच्या घरी दुर्गेशही बसलेला होता. गुरुजी उंबऱ्यातूनच बोलले. "छपाई थांबवा. दुर्गेशच्या ओळीची नोंद मी खोटी लिवली. बाईले ओळ पुरी समजली होती."

पास्टर इंद्रकुमार गोंधळले. "पन तुमची ओळबी तिले समजली ना? दुर्गेशनं लिवलं आहे."

इतके महिने गुरुजी दुर्गेशची एक चूक शोधत होते. ती आता त्यांच्या जिभेवर होती. दुर्गेशचा चेहरा उतरला. "पास्टर, मी बी त्या नोंदीत..."

"तू गप राय," गुरुजी खेकसले. "माही ओळ मी मांगं घेतो. माही आहे, माह्या मर्जीनं. लावा फोन नागपूरले."

पास्टर फोन घेऊन आत गेले. दुर्गेश गुरुजींच्या मागोमाग अंगणात आला.

"गुरजी, तुमी असं काऊन लिवलं?"

"तुही ओळ चांगली होती म्हनून."

दुर्गेशचे डोळे भरून आले. तो पाया पडायला वाकला, तसे गुरुजी दोन पावलं मागे सरले.

"पाया गिया पडू नोको," ते म्हणाले. "मी आताबी जळूनच राहिलो."