कुलूपवाल्याच्या गुडघ्यांखाली

मी एक जुनी उशी आहे, मित्रांनो. डोक्याखालची नव्हे, गुडघ्यांखालची. कुलूपवाल्याच्या बायकोने त्याच्या विरलेल्या पँटचे कापड आणि जुन्या गादीतला कापूस घेऊन मला शिवले. गार फरशीमुळे त्याचे गुडघे धरायचे, आणि सकाळची प्रार्थना तर चुकवायची नव्हती.

ते माझे चांगले दिवस होते. दुकान उघडायला जाण्याआधी तो माझ्यावर गुडघे टेकायचा, शेजारी ती. माझ्यात दोन खळगे पडले. शेजारीपाजारी म्हणत, "माणूस असावा तर असा." उशीचे कौतुक कोण करणार? तरी मी मनातल्या मनात फुगत असे.

मग एकदा त्याला उशीर झाला. त्याने उभ्याउभ्याच प्रार्थना उरकली. आभाळ काही कोसळले नाही. पुढे तो माझ्यावर मांडी घालून बसू लागला, त्यानंतर मला पाठीशी घेऊन खुर्चीत. प्रभूची प्रार्थना तो म्हणायचा, पण 'आम्हाला मोहात पडू देऊ नकोस' ही ओळ आली की गाडी सुसाट सोडायचा. शेवटी त्याने मला दुकानात नेले आणि किल्ल्या कापायच्या मशीनखाली घातले, आवाज कमी व्हावा म्हणून. दिवसभर थरथरून माझे अंग बधिर झाले. पितळेचा कीस कापसात रुतायचा, तोही टोचेनासा झाला.

तिथेच एका गिऱ्हाईकबाईंचा मेसेज आला, 'कुलूप छान बसलंय.' काही दिवसांनी आला, 'जेवलात का?' मग तो डबा गार होऊ देऊन उत्तरे लिहू लागला. दुसऱ्यांच्या दारांना कुलपे लावणारा माणूस, आणि स्वतःचे दार सताड उघडे. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. त्यालाही वाटत नसावे.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली. काउंटरवर त्याचा फोन वाजला. तिने पडद्यावरचे वाचले. भांडली नाही. मशीन कलती करून तिने मला बाहेर ओढले, घरी नेऊन उन्हात बडवले आणि दुसऱ्या सकाळी जुन्या जागी ठेवले.

"हे काय?" त्याने विचारले.

"तुमची जागा. मी एकटीनं किती दिवस म्हणायचं?"

"अगं, मला आता काही वाटतच नाही. शब्द नुसते तोंडातून पडतात."

"वाटेल तेव्हा वाटेल. तुम्ही गुडघे तर टेका."

त्याने टेकले. मोहाच्या त्या ओळीशी आला आणि अडला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ती थरथर माझ्यापर्यंत आली. बायकोनेही ऐकली. मग त्याने फोन न पाहताच तिच्या हातात दिला.

"तिचाच असेल. पुन्हा लिहू नका म्हणून सांगतो तिला. तुझ्यासमोरच."

मग त्याने ती ओळ म्हटली, सावकाश. तो रडला नाही. तीही नाही.

मित्रांनो, कापूस एका दिवसात चपटा होत नाही, आणि एका दिवसात फुगतही नाही. म्हणून तुमची प्रार्थनेची जागा रिकामी दिसली, तर मन भरून यायची वाट पाहू नका. आधी गुडघे टेका. मोहाला आत यायला दाराची फट पुरते.

माझ्यात पितळेचा कीस अजून आहे. किती बडवले तरी निघत नाही. आज सकाळी तो त्याच्या गुडघ्यात शिरला.

"आई गं!" तो कळवळला.

त्याला काहीतरी टोचले, मित्रांनो. मला फार बरे वाटले.