मखमलीच्या खांद्यातली गोळी

नातवाचे डोळे दुसऱ्यांदा पिवळे झाले तेव्हा माझं डोकं फिरलं. लघवी चहासारखी काळपट. पुन्हा दवाखाना, पुन्हा त्या एवढ्याशा हाताला सुई, पुन्हा दुसऱ्याचं रक्त.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला सगळं समजावलं होतं. रक्तातली लाल पेशी म्हणजे एक मऊ पिशवी. तिच्या भिंतीला जपणारं एक एन्झाइम असतं, ते याच्यात जन्मापासून कमी आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास अंगात गेला की ती भिंत तग धरत नाही. पेशी फुटते, आतला लाल रंग लघवीत उतरतो, उरलेला कावीळ होऊन डोळ्यांत दिसतो.

"वासानं कुणाचं रक्त फुटतं होय?" माझा धाकटा भाऊ तिथेच म्हणाला होता. "मी जन्मभर त्याच वासात झोपलोय."

"तुमच्या पेशींत ते एन्झाइम पुरेसं आहे, काका. बाळाच्या नाही," बाई म्हणाल्या.

आमचा धंदा नाटकवाल्यांना कपडे भाड्याने द्यायचा. मखमलीला कसर लागली की कोट गेलाच, म्हणून घरभर त्या गोळ्या. तरी धाकट्याने ट्रंका, कपाटं, गाद्यांखालच्या सगळ्या वेचून फेकल्या. कुरकुरला खूप, पण फेकल्या. मी स्वतः पाहिलं.

मग हे पुन्हा कसं?

बाळ घरी आलं. संध्याकाळी दुकान बंद करून धाकटा नेहमीसारखा आला आणि त्याला खांद्यावर टाकून फेऱ्या घालू लागला. त्याच्या खांद्याशिवाय पोर झोपत नाही. मी अंथरूण घालून बाळाला घ्यायला गेलो, तर पोराच्या गालालाच तो वास.

"हा कोट काढ," मी म्हणालो.

"का? गार वाजतंय."

"काढ म्हणतो ना!"

दुकानातलाच जुना सरदारी कोट, घरात घालायला ठेवलेला. मी खांद्याचं अस्तर चाचपलं. कापसात टणक काहीतरी. फाडलं, तर झिजलेली गोळी बाहेर. मोठ्या कोटांच्या खांद्यात ती शिवून टाकायची, ही आमच्या वडिलांपासूनची रीत.

"अरे शहाण्या! पोराचं नाक रोज तासभर यावर!"

"दादा, मी सगळ्या फेकल्या होत्या रे." त्याने गोळी उचलून पाहिली. "ही खांद्यातली... ती कोटाचाच भाग वाटते मला. गोळी म्हणून डोक्यातच आली नाही."

"तुझ्या डोक्यात मखमल सोडून येतं काय?"

आतून लेक, बाळाची आई, ओरडली, "बाबा, भांडण मग करा. आधी बाळाला धुऊन द्या!"

दुसऱ्या दिवसापासून धाकटा दुकानात कात्री घेऊन बसला. एकेक कोटाचा खांदा उसवायचा, गोळी काढायची, पुन्हा शिवायचा. मोसम तोंडावर, गिऱ्हाइकं दारात, आणि हा कुणाला कोट देईना. मी ओरडलो, गिऱ्हाइकांनी ओरडून घेतलं, त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो पाळण्याशी आला आणि हात पुढे केले. लेकीने आधी त्याची मान हुंगली, मग केस.

"येतोय अजून, काका."

"साबण संपला गं!"

"मग आणा. त्याशिवाय बाळ मिळायचं नाही."

शिव्या पुटपुटत त्याने चपला घातल्या. पाळण्यात पोराने भोकाड पसरलं होतं.