बिटकॉइनची बारा ताटं

माझी नणंद नकुशी हिच्या नातवाचं, हृतिकचं, लग्न वरवंडला झालं ते दोन हजार चोवीस सालच्या मार्गशीर्षात. त्या लग्नाच्या जेवणासाठी आमच्या घरची बारा स्टीलची ताटं गेली, आणि ताटांबरोबर माझ्या नातीचे पैसे गेले.

नात म्हणजे समृद्धी. मांडवगण फराट्याला आमच्या ओसरीत बसून ती परदेशातल्या एका कंपनीसाठी चित्रं काढायची. तिकडचे लोक तिला बिटकॉइनमध्ये मोबदला द्यायचे. मी एकदा विचारलं, "दिसत न्हाई, वाजत न्हाई, मग हाय तरी कुठं?"

"आजी, गावच्या भिशीची वही एकाकडंच असती का न्हाई? हितं तीच वही जगात हजारो घरांत हाय. एकानं पान फाडलं तरी बाकीच्यांकडं लिहिलेलं ऱ्हातंय."

"आन् बँकेचा साहेब?"

"साहेबच न्हाई."

"मग ब्येस झालं की."

"ब्येस बी हाय आन् अवघड बी हाय. चावी हरवली तर रडायला बी साहेब न्हाई. आन् भाव कांद्यासारखा. आज चढला, उद्या पडला. म्हणून मी निम्मे लगेच विकून बँकेत टाकते."

चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द, एका ठरलेल्या क्रमानं. फोन बुडाला, मोडला, तरी नव्या फोनवर ते शब्द घातले की पैसे पुन्हा हाताशी येतात. पण ते दुसऱ्याला कळले तर पैसेही त्याचेच. फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे नाहीत, कुणाला पाठवायचे नाहीत. समृद्धीनं ते कागदावर लिहिले होते. मी एकसष्टाव्या वर्षी लिहायला शिकले, आणि माझी पहिलीच वही वाळवीनं खाल्ली. कागदाचं मला कौतुक नाही. मी म्हटलं, भांड्यांवर घालू. भांड्यावरचं नाव सासू गेली तरी जात नाही.

कुणाही एकाला सगळे शब्द कळू नयेत म्हणून चार ताटांवर शिरूरला नावासारखा एकेक शब्द कोरून घेतला, चारांवर दौंडला आणि चारांवर पाटसला. सगळे ताटाच्या पाठीमागं, मराठी अक्षरांत. क्रमासाठी मी खिळ्यानं काठाशी ठिपके मारले, पहिल्याला एक, बाराव्याला बारा. दौंडचा भांडीवाला मशीन थांबवून म्हणाला, "आजी, नाव काय म्हणालात?"

"डाँकी."

"कुणाचं हो?"

"जावयाचं."

त्यानं मान खाली घालून कोरलं.

मग लग्न आलं, आणि नकुशीनं ताटं मागितली. नणंदेला लग्नासाठी भांडी नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. समृद्धीचा फोन चालू होता, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लग्नानंतर आठव्या दिवशी समृद्धी उसाच्या ट्रॉलीवर चढून फोटो काढत होती. फोन हातातून निसटून मोळ्यांमध्ये गेला. आम्ही शोधेपर्यंत ट्रॅक्टर निघाला होता. माझ्या फोनवरून लावला तर वाजत होता. संध्याकाळी वाजायचा बंद झाला. ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीत रिकामी होऊन ऊस गाळपाला गेला होता.

"गोड झाला असंल," मी म्हटलं. समृद्धी हसली नाही. ड्रोननं फवारणी कशी करायची त्याच्या शिक्षणाला तिची निवड झाली होती. शुक्रवारी पाचच्या आत फी भरली नाही तर जागा पुढच्या नावाला जाणार होती. बँकेतली उरलीसुरली शिल्लक नव्या फोनला गेली. फीचे पैसे त्या बारा शब्दांमागं होते. कागद तिनं केव्हाच जाळला होता. अकरा शब्द आम्हा दोघींना मिळून आठवले. सातवा काही केल्या आठवेना.

तिनं माझ्या फोनवरून कुठल्याशा ग्रुपमध्ये मदत विचारली. पाच मिनिटांत एका माणसाचा फोन आला. "माताजी, मी कंपनीतून बोलतो. आठवतात तेवढे शब्द सांगा, बाकीचं मी शोधतो."

मी म्हटलं, "आधी तुझे सांग बाबा."

"माझे कशाला?"

"मग माझे कशाला? गोठ्याची चावी मागणारा कवा धार काढून द्यायला येतो व्हय?"

त्यानं फोन ठेवला. समृद्धी म्हणाली, बिटकॉइनची कंपनीच नाही, तर तिचा माणूस कुठून येणार. तेव्हा कुठं ती पहिल्यांदा हसली.

शुक्रवारी सकाळी आम्ही स्कूटीवरून भीमेचा पूल ओलांडून वरवंडला गेलो. नकुशीच्या घरी मांडणीत अकरा ताटं होती. मी मागचे ठिपके मोजले. नेमकं सातवं नव्हतं.

"वन्सं, एक कुठं गेलं?"

"शेजारच्या धुरपदामावशीला बुंदी धाडली व्हती त्यात. दील की. एका ताटासाठी एवढ्या लांब आलीस, वहिनी?"

धुरपदामावशी ब्याऐंशीची, एकटी राहणारी, कण्यानं वाकलेली. आम्हाला बघून तिला इतका आनंद झाला की ताटाचं नाव काढायला अर्धा तास गेला. काढलं, तर ती म्हणाली, "रिकामं ताट न्हाई द्यायची मी."

"मावशी, चालतंय आम्हाला."

"मला न्हाई चालत. बुंदी आली, रिकामं ताट गेलं, लोक काय म्हणतील? गाय व्यायला झालीया. खरवस करती आन् देती."

"कवा व्याणार?"

"आज न्हाईतर उद्या. तिच्या मनात आलं म्हंजी."

आम्ही तिघी गोठ्यात जाऊन गाईकडं बघत बसलो. गाय आमच्याकडं बघत होती. दोन वाजले. समृद्धी माझ्या कानात म्हणाली, "आजी, नुसतं पाठीमागं बघू द्या म्हणावं." मी तसं म्हटलं, तर मावशीनं ताट पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं आणि वर स्वतः बसली. "एवढं इचारताय म्हंजी घेऊन पळणार तुम्ही."

खरं कारण सांगावं, तर ती विश्वासानं अख्ख्या आळीला सांगणार. मग मला सुचलं. मी म्हटलं, "मावशी, पोरगी सकाळपासून उपाशी हाय. तिला ह्याच ताटात जेवू घाला. आमच्या घरचं ताट हाय, तिला त्याचीच सवय."

उपाशी पोरगी म्हटल्यावर ती उठली. ताट निघालं. पण आम्ही हात लावायच्या आत त्यात भाकरी, ठेचा, भात आणि भातावर काठोकाठ आमटी वाढून झाली. अडीच वाजून गेले होते. समृद्धीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिनं ताट दोन्ही हातांनी देवाला नैवेद्य दाखवावा तसं वर उचललं. मी चष्मा लावला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर उताणी झोपले.

"आगं बया, ही पडली," मावशी म्हणाली.

"पडली न्हाई, पाठ धरलीया," मी खालून म्हटलं.

आमटीचा एक थेंब चष्म्यावर पडला, दुसरा कपाळावर. मी एकेक अक्षर लावत होते. काना, मात्रा, अनुस्वार. समृद्धीच्या हातातलं ताट डुलायला लागलं.

"हलवू नगं, जोडाक्षर हाय," मी म्हटलं.

"ताट हाय का पोथी?" मावशीनं विचारलं.

शब्द लागला. तो मी तोंडानं उच्चारला नाही, समृद्धीच्या तळहातावर बोटानं लिहिला. तिनं अर्धी भाकर तोंडात कोंबली आणि नवा फोन घेऊन गोठ्यामागं पळाली. मी तिचं उरलेलं जेवण जेवले, नाहीतर मावशीनं पुन्हा वाढलं असतं. थोड्या वेळानं गोठ्यामागून पोरगी नाचत आली, आणि गाय दचकून उठली.

लागतील तेवढे बिटकॉइन नोंदणी असलेल्या ठिकाणी विकले. सरकारचा कर कापून रक्कम बँकेत आली आणि पावणेपाचला फी भरली. त्याच रात्री समृद्धीनं नवे बारा शब्द काढून उरलेलं सगळं त्यामागं हलवलं, कारण जुनी चावी दोन तालुक्यांत जेवून आली होती. नवे शब्द कुठं आहेत ते मी लिहिणार नाही.

गाय रविवारी व्याली. मावशीनं माणूस धाडून ताटभर खरवस पोचवला. आम्ही ताट तिच्याकडंच परत पाठवलं, गुळाची ढेप घालून. ड्रोनची पहिली फवारणी समृद्धीनं मावशीच्याच हरभऱ्यावर केली. मावशी बांधावर खुर्ची टाकून बसली होती आणि ड्रोनला "ये, ये" म्हणून हात करत होती.

धुरपदामावशी दोन हजार पंचवीस साली, माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी वारली. सातवं ताट आम्ही परत मागितलं नाही.