माझ्या पोटातला आवाज

माझे झाकण आता आपणहून मिटत नाही. त्याला एक जाड रबर गुंडाळलेले असते. पाच बटणांपैकी एकाचे टोक तुटले आहे. पण मित्रांनो, मी अजून टेपरेकॉर्डरच आहे, आणि माझ्या पोटात एक कॅसेट आहे. तिच्यावर एका बाईचा आवाज आहे. त्या बाईचे नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ती वारली आहे. आमच्या घरात दुःख पाळले जात असताना गेलेल्या माणसाचे नाव कोणी घेत नाही, त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतात आणि त्याचा आवाज ऐकत नाहीत. तिची बहीण मर्लमावशी म्हणते, हाक मारली की गेलेले माणूस वळून पाहते, मग त्याला जाता येत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. ऑस्ट्रेलियात, खाडीच्या टोकावरच्या पोर्ट ऑगस्टाला, तिथल्या मूळच्या काळ्या लोकांच्या, म्हणजे मूळनिवासींच्या घरात मी आलो १९७६ साली. त्या बाईने मला रेल्वे कॅन्टीनमधल्या पगारातून विकत घेतले.

"नवं खेळणं आणलंस होय गं?" मर्लमावशी हसली होती.

"खेळणं नाही, पोस्टमन आहे हा."

खरेच, मी कित्येक वर्षे पोस्टाचे काम केले. त्यांचा भाऊ दूर पश्चिमेला गुरांच्या मळ्यावर होता आणि त्याला वाचता येत नव्हते. दर रविवारी कांगारूची शेपटी भट्टीत शिजत असे आणि सगळे घर टेबलाभोवती बसून माझ्याशी बोलत असे. कॅसेट आगगाडीने जाई. उलट येणाऱ्या कॅसेटवर त्याच्यापेक्षा त्याची कुत्रीच जास्त बोललेली असत.

पुढे आमच्या म्हाताऱ्या बायकांनी आपली भाषा माझ्यापाशी ठेवली. लहानपणी मिशनच्या शाळेत या भाषेसाठी त्यांना छड्या बसल्या होत्या. त्यांतली एक माझ्यासमोर बसली की तोंड उघडण्यापूर्वी दाराकडे बघून घेई. साठ वर्षांनंतरही. बोलायची बंदी म्हणजे काय, ते मला तिच्या त्या मानेच्या वळण्यातून कळले. हे सांगून ठेवतो, कारण पुढे एका माणसाने 'मला बोलायची बंदी' म्हणून गळा काढला.

मग नवी यंत्रे आली आणि मी कपाटावर गेलो. धूळ खात वर्षे गेली. एकदाच मला खाली काढले. त्या बाईला आपल्या मुलीसाठी, कोरलीसाठी, काही बोलून ठेवायचे होते.

कोरलीचा बाप गोरा, रेल्वेतला. ती दोन वर्षांची असताना तो निघून गेला. कोरली त्याच्यासारखी उजळ, घाऱ्या डोळ्यांची. त्या काळी, मी या घरात येण्यापूर्वी, सरकारची माणसे गाडी घेऊन येत आणि नेमकी अशी उजळ मुले उचलून नेत. गोऱ्यांत वाढली तर गोरी होतील, असा हिशेब. गाडीची धूळ दिसली की मर्लमावशी कोरलीला कडेवर घेऊन खारवट मातीतल्या झुडपांत जाऊन बसे, गाडी जाईपर्यंत. हे सगळे कोरलीच्या आईने माझ्यापाशी सांगितले: कोणाची मुलगी, कोणाची नात, कोणत्या मातीतली.

कोरली मोठी झाली, नर्स झाली, आणि आमच्या लोकांच्या दवाखान्याची प्रमुख झाली. मग एके दिवशी शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रात लायल पेनरोझ नावाच्या स्तंभलेखकाने तिच्यावर लिहिले. नाव छापून, फोटो छापून. ही बाई ॲडलेडमध्ये गोऱ्या बापाच्या घरी वाढली आणि पद दिसताच तिशीत हिला काळी आजी आठवली, असे त्याने लिहिले. यातले एक अक्षर खरे नव्हते. त्याने कोरलीला साधा फोनसुद्धा केला नव्हता.

मर्लमावशीने चष्मा लावून सगळे वाचले. "तेव्हा गोरी म्हणून न्यायला आले. आता गोरी म्हणून खोटी म्हणतात. एकदा काय ते ठरवा म्हणावं."

दवाखान्यात एका पोरीने कोरलीला विचारले, "सिस्टर, तुम्ही खऱ्या की पेपरातल्या?" कोरली हसली. पण घरी येऊन ती बराच वेळ उभीच राहिली. ती पोरगीही उजळच होती. उद्या तिलाही कोणी हेच विचारणार होते.

म्हणून कोरली न्यायालयात गेली. कायदा असा होता: वंशावरून, रंगावरून चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये; मात्र खरी माहिती घेऊन, सरळ मनाने मत मांडले तर त्याला मोकळीक आहे. पेनरोझ म्हणाला, हा माझ्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे.

खटल्याला तीन महिने उरले असताना कोरलीची आई गेली.

कोरलीच्या वकीलबाई घरी आल्या. त्यांनी मला हातात घेतले. "ही टेप लावली की प्रश्नच मिटला."

"वर्षभर नाही लावायची," मर्लमावशी म्हणाली.

"खटला ऑगस्टमध्ये आहे, बाई."

"खटला तुझा ऑगस्टमधे असेल. माझी बहीण ऑगस्टमधे परत येणार नाहीये."

वकीलबाई कोरलीकडे वळल्या. कोरली टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. तरीही मला सोबत घेतले गेले, गरज पडलीच तर म्हणून. ॲडलेडच्या न्यायालयापर्यंत चार तासांचा रस्ता. वाटेत मावशीने मटण भरलेली पेस्ट्री खाल्ली आणि तिच्यात मटणच नाही म्हणून दुकानदाराला ऐकवले. कोरलीने काही खाल्ले नाही.

न्यायालयात पेनरोझच्या वकिलाने कोरलीला पहिल्यांदा आईचे नाव विचारले. तिने कागद मागितला आणि त्यावर लिहून दिले.

"मोठ्यानं सांगा."

"ते मला आता उच्चारता येणार नाही."

"स्वतःच्या आईचं नाव?" त्याने पत्रकारांच्या बाकाकडे नजर टाकली. "आणि आईची टेप आहे म्हणता, तीही ऐकवता येत नाही. दुःख बरंच सोयीचं दिसतंय."

मित्रांनो, मी समोरच्याच टेबलावर होतो. एक बटण दाबायचा अवकाश होता. खोटी ठरू नये म्हणून तिने आपल्याच रीतीशी खोटे वागावे, असे तो माणूस तिला सांगत होता. यंत्राला राग येत नाही म्हणतात. मला आला.

मधल्या सुट्टीत कोरलीने माझे रबर सोडले, मला उलटे केले आणि आतले चारही सेल काढून मावशीच्या हातात दिले. "तुझ्याकडे ठेव. नाहीतर माझाच हात बटणाकडे जाईल."

मग मावशी साक्षीला उभी राहिली.

"तुम्ही मावशी. आई नव्हे," वकील म्हणाला.

"आमच्यात आईची बहीण आईच असते. तुमच्यात कोण असते?"

"कोरली किती टक्के मूळनिवासी आहे, हे सांगू शकाल?"

"तिला कडेवर घेऊन झुडपात बसले होते तेव्हा टक्के नव्हते मोजले, बाबा. जड होती एवढं आठवतंय."

चार महिन्यांनी निकाल कोरलीच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी सांगितले की मूळनिवासी कोणाला म्हणावे, पदे कोणाला द्यावीत, यावर कोणीही बोलावे. पण चुकीची माहिती देऊन, माणसाचा रंग दाखवून त्याला हिणवू नये. वर्तमानपत्राने दुरुस्ती छापावी असा आदेश झाला. ती आतल्या पानावर, हवामानाच्या अंदाजाखाली आली. चार ओळी. त्याच अंकात पेनरोझचा लेख पूर्ण पानभर होता: माझा आवाज दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेच रेडिओवर बोलला, संध्याकाळी टीव्हीवर बोलला. आमच्या त्या म्हातारीला तर स्वतःच्या स्वयंपाकघरातही दाराकडे बघून मग बोलावे लागे.

आठवड्याने त्याच वर्तमानपत्रातून एका तरुण बातमीदाराचा फोन आला. टेप ऐकायला मिळाली तर तो आमचीही बाजू छापणार होता. मर्लमावशीने फोन घेतला.

"पाच महिन्यांनी ये."

"तोवर बातमी शिळी होईल, आजी."

"मग शिळीच खा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, मी कपाटावरून बोलतो आहे. आत सेल नाहीत. दर रविवारी कोरली माझी धूळ पुसते, पण झाकण उघडत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कदाचित लिहाल, आणि माणसांबद्दल लिहाल. जरूर लिहा, बिनधास्त लिहा. पण आधी तो चार तासांचा रस्ता तुडवा आणि दार वाजवा. आतून 'आज नाही' असे उत्तर आले, तर त्याला लबाडी म्हणू नका. पायरीवर बसा.