मुंजाची खोळ

तातेरावचं पोरगं ग्यानबा हिवतापानं गेलं, तवापासून तातेराव रडला न्हाई. चिडला न्हाई, कुनाला टाकून बोलला न्हाई. औत धरायचा, भाकर खायचा, आडवा व्हायचा. मानसं म्हनायची, लई धीराचा गडी. धीर कशाचा आलाय डोंबलाचा! हातावर झोपलं की हात कसा बधिर होतो, तसा अख्खा मानूस झाला होता.

साल होतं एकोनीसशे पंचेचाळीस. शिरड शहापूरजवळच्या त्या गावात रामकिशनशेट कापडवाल्यानं तवा एक येड काढलं होतं. शाळेत समदं उर्दूत, दिल्लीच्या बादशांची नावं पोरायला तोंडपाठ, अन आपल्या येशीबाहेर पडलेले दगड कुनाचे, हे त्यांच्या बापालाबी सांगता येईना. शेटला ते लागलं. मग शेट, पाटे-वरवंटे घडवनारा सटवाजी अन तातेराव, तिघं मिळून गावाचा मागमूस गोळा करून राहिले होते. म्हाताऱ्या मानसायला इचारायचं. उकिरड्यात, बांधावर पडलेले कोरीव दगड उचलून मारुतीच्या पाराला उभे करायचे. मजुरी न्हाई, मान न्हाई. पान्याला चाललेल्या बाया वरून हसायच्या, "घरचा पाटा हलवा म्हनलं तर यांची कंबर दुखती!"

तातेराव काहून जायचा? शेटसारखं त्याला काही लागलं नव्हतं. दगड जड असतो, एवढंच. जड काही उचललं की आपल्याला हात हायेत असं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात वढ्याच्या काठाला एक वीरगळ घावला. वीरगळ म्हंजी लढाईत, न्हाईतर गावाच्या गाई राखताना मेलेल्या गड्याच्या नावानं उभा केलेला दगड. पन घावला तो अर्धाच, वरचा. शेंड्याला म्हादेवाची पिंड, तिच्याम्होरं हात जोडून बसलेला गडी. त्याच्या खाली दोन बाया त्याला धरून वर घेऊन चाललेल्या. अन तिथंच दगड तुटलेला.

"पार वर पोचलाय गडी," शेट म्हनला. "पन कोन व्हता, कसा मेला, ते समदं खालच्या तुकड्यात. नाव कोरलं असंल तर तिथंच असंल."

सटवाजी हसला. "शेट, तुमच्या दुकानावानीच झालं. काठ हाये, लुगडं न्हाई."

मग त्यानं तुटलेल्या कडंवर अंगठा फिरवला. कड तिरपी होती, अन काळ्या दगडात एक पांढरी शीर कोपऱ्यातून खाली उतरली होती. "जोड बी असाच तिरपा असनार. अन ही शीर त्याच्यात म्होरं गेलेली असनार. घावला तर मी डोळे झाकून सांगन."

चार बांध, दोन हिरी पालथ्या घातल्या. घावला न्हाई.

आता मुंजाचं सांगायला पायजे. त्यांच्यात पोरगं बिनलग्नाचं गेलं की त्याचा मुंजा होतो. पिंपळाखाली त्याच्या नावानं दगड बसवायचा, शेंदूर लावायचा. अन तो दगड पोराच्या मामानं आनायचा. ग्यानबाचा मामा सोनाजी पुसेगावहून आला होता, रडत रडत वढ्याला गेला अन हाताला लागला तो चिखलानं भरलेला दगड खांद्यावर घालून आनला. तवापासून दर शनिवारी ग्यानबाची माय आशाबाई तेल-शेंदूर घेऊन जायची, लेकराशी बोलून यायची. तातेराव एकदाबी तिकडं फिरकला नव्हता.

एका शनिवारी त्याचा बैल सुटून पिंपळाच्या सावलीला जाऊन बसला. तातेराव त्याला उठवायला गेला, ते मुंजाच्या पाठीमागून. म्होरून दगड शेंदरानं लालभडक, पन पाठीला शेंदूर नव्हता. पाठ काळी. वरची कड तिरपी. अन कोपऱ्यातून निघालेली पांढरी शीर.

तो बघत राहिला. छातीत काही हललं न्हाई. बैल घेतला, पारावर आला अन म्हनला, "घावला."

"कुठं?" शेट उठलाच.

"आमचा मुंजा."

सटवाजीनं हातातली छिन्नी खाली ठिवली. शेट पुन्हा खाली बसला. मग हळूच म्हनला, "तातेराव, तू म्हनशील तसं. न्हाई म्हनलास तर इषय बंद."

"घ्या की," तातेराव म्हनला. शेजाऱ्याला टोपलं द्यावं तसं म्हनला.

शेट शेंदूर धुवायला चिंचेचं पानी घेऊन, सटवाजी खुरपं घेऊन पिंपळाकडं गेले, मागून तातेराव. आशाबाई तवर तिथं आली होती, बोटं शेंदरानं लाल. तिनं खुरप्याकडं बघितलं.

"हे कशाला?"

शेटनं समदं नीट सांगितलं. शेंदूर काढायचा, खाली अक्षरं असतील, गावाचं नाव होईल.

"माज्या लेकराचं तोंड खरवडता का, शेट?" ती तातेरावकडं वळली. "आवं, तुमी तरी बोला!"

"दगडच हाये," तो म्हनला.

"व्हय, ह्योच दगड! तुमच्या डोळ्यातून टिपूस न्हाई आलं, तुमी मानूस. अन मी ज्याच्याशी बोलते त्यो दगड!"

सटवाजीनं खुरपं पाठीमागं लपवलं, चोरी धरल्यावानी.

"सटवाजी दादा," आशाबाई म्हनली, "आपल्या मारुतीनं खोळ टाकली तवा कुनी खुरपं लावलं होतं का?"

"न्हाई, बाई. थरावर थर बसून शेंदराचं वझं झालं की ती खोळ आपून सुटती. माज्या बापाच्या वख्ताला सुटली होती, वाजत गाजत पूर्नेत सोडली. खाली मारुतीचं तोंड पार कोरं, डोळे बी दिसले म्हनत."

"मग ह्यो बी टाकील. देव आपली खोळ आपून टाकतो. तवर थांबा."

शेटनं शेंदरावर नखाचं टोक टेकवलं. "बोटभर बी जाडी न्हाई अजून. सुटंपर्यंत माजा नातू म्हातारा होईल."

"एवढी घाई हाये तर लावा की शेंदूर तुमी बी!" आशाबाई फनकारली अन तेलाची वाटी तिथंच टाकून घरी गेली.

ती रागानं बोलली. पन शेटनं ते खरं धरलं.

पुढच्या शनिवारी शेट दुकानातून शेंदराची पुडी घेऊन हजर. सटवाजी करंजाच्या तेलाचं बुधलं घेऊन. दोघांनी वरचा तुकडा पारावरनं गाडीत घालून आनला अन पिंपळाच्या बुंध्याला टेकवून ठिवला, जोड दूर जाऊ नये म्हनून. आशाबाईनं बघितलं. जरा सरकून जागा दिली.

"वझं वाढवायला आलो, बाई," शेट म्हनला. "नातवालाबी सांगून ठिवतो, इसरू नको म्हनून."

"सारखा लावा. नाकाकडं लई झालाय," ती म्हनली.

तातेराव बैलाचा कासरा धरून लांब उभा होता. आशाबाईनं त्याच्याकडं न बघताच वाटी म्होरं केली. तो आला. बसला. चार बोटं शेंदरात बुडवली अन दगडाला लावली.

शेंदराखाली काहीतरी उठलं होतं. एक शिंग, गाईचं असंल. त्याच्याखाली बारीक खाचा, एकीला लागून एक, वळीनं. शेट पाठीमागंच उभा होता, श्वास धरून. तातेरावनं त्याला सांगितलं न्हाई. बोटं खाचांवर तशीच ठिवली.

तेल बोटायला ऊन लागत होतं. ऊन लागतंय, एवढं त्याला कळलं.

"झालं का?" आशाबाईनं इचारलं.

"न्हाई," तो म्हनला, अन खाचांवर शेंदूर भरत राहिला.